क्रुसेडर किंग्ज ३: राजाच्या स्वभावाविरुद्ध खेळताय? या चुका टाळा

क्रुसेडर किंग्ज ३ हा मध्ययुगीन राजघराणं पिढ्यानपिढ्या चालवायचा कॉम्प्युटर गेम. नाशिकमध्ये तो खेळणारे भेटले की तक्रार बहुतेक एकच असते. "सगळं छान चाललं होतं, राज्य वाढत होतं, आणि राजा अचानक दारूडा झाला." किंवा स्वतःलाच चाबकाचे फटके मारून घ्यायला लागला. मग राग निघतो ट्रेटवर, म्हणजे राजाला चिकटलेल्या स्वभावगुणांवर. गेम मुद्दाम छळतो, असं वाटतं.

गेम छळत नाही. पॅराडॉक्स या कंपनीने २०२० साली हा भाग आणला तेव्हा त्यात स्ट्रेस (ताण) नावाचा एक नवा हिशेब घातला. तुमच्या राजाचा स्वभाव एक सांगतो आणि तुम्ही त्याच्याकडून दुसरंच करून घेता, तेव्हा तो ताण राजाच्या नावावर जमा होतो. १००, २०० आणि ३०० या टप्प्यांवर पातळी बदलते. टप्पा ओलांडला की मानसिक तोल जातो आणि गेम तुमच्यापुढे दोन-तीन वाईट पर्याय ठेवतो. दारू, अतिखाणं, स्वतःला फटके, चिडचिड. वरच्या पातळीला तब्येतही ढासळते.

ट्रेटला नुसता बोनस समजणं

सगळ्या तक्रारींचं मूळ इथेच आहे. नवा खेळाडू कम्पॅशनेट (दयाळू) हा ट्रेट बघतो, डिप्लोमसी (मुत्सद्देगिरी) वाढलेली दिसते, इंट्रीग (कटकारस्थान) थोडं कमी झालेलं दिसतं, आणि तो पुढे सरकतो. त्याच चौकटीत खाली लिहिलेलं असतं की कोणत्या कामाने या माणसाला ताण येईल. ते कुणी वाचत नाही. कम्पॅशनेट राजाला फाशी, छळ आणि खून झेपत नाहीत. ग्रीडी राजाला कुणाला पैसे भेट द्यायचे म्हटलं की त्रास होतो, तर जेनरस राजाला त्याच भेटीने हलकं वाटतं. ऑनेस्ट माणसाला ब्लॅकमेल जमत नाही. शाय (लाजाळू) राजाला सरदाराची मनधरणी करतानाही ताण येतो. पॅरानॉइडचं (संशयी राजाचं) तर विचारूच नका, त्याला प्रत्येक गोष्टीचा ताण दुप्पट चढतो.

म्हणून गादीवर नवा माणूस बसला की गेमचं घड्याळ थांबवा आणि त्याच्या तिन्ही स्वभाव-ट्रेटवर एकेक करून माउस नेऊन सगळं वाचा. दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं पुढची तीस वर्षं ठरवतात.

सिडकोत राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा खेळ मी शेजारी बसून पाहिला आहे. १०६६ ची सुरुवात, सिन्नरच्या यादवांच्या नावाने स्वतः बनवलेला राजा. यादवांचं सुरुवातीचं ठाणं सिन्नर होतं, देवगिरी नंतरची, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना इथूनच सुरुवात करायची हौस असते. राजा कम्पॅशनेट. सरदारांचं बंड मोडलं, पाच जण कैदेत. पोराने पहिल्याला फाशी दिली, दुसऱ्याला दिली, तिसऱ्याला दिली. प्रत्येक वेळी बटणावर माउस नेल्यावर स्ट्रेसचा इशारा दिसत होता. तिसऱ्या फाशीनंतर पडदा बदलला आणि राजा खचला. "दादा, हे काय झालं? बंड तर मी जिंकलं होतं ना?"

बंड जिंकलंच होतं, फक्त फाशी हे त्या राजाचं हत्यार नव्हतं. अशा वेळी कैद्याशी वाटाघाटीचा पर्याय उघडा. सुटकेच्या बदल्यात खंडणी घेता येते, गादीवरचा दावा सोडायला लावता येतं, किंवा त्याला तुमच्या उपकारात बांधून पुढे कामाला लावता येतं. हे काहीच नको असेल, तर अंधारकोठडीत पडू द्या. फाशीने ड्रेड, म्हणजे राजाची दहशत, वाढतो आणि बाकीचे सरदार गप्प बसतात हे खरंय, पण दयाळू राजाने तो मार्ग घेऊच नये. त्याला सोयरिकी, मनधरणी आणि सल्लागार मंडळातल्या जागा पुरतात.

परस्परविरोधी राजाची अपेक्षा

आपल्या डोक्यातला आदर्श राजा एकाच वेळी सगळं असतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची जी प्रशस्ती कोरवून घेतली आहे, ती पाहा. अपराधी शत्रूचाही जीव घ्यायची आवड नसलेला, धर्माला धरून कर घेणारा, आईची सेवा करणारा असं त्याचं वर्णन आहे. त्याच लेखात शक, यवन, पल्हवांचा संहार करणारा आणि खखरात वंशाचा निःपात करणाराही तोच. गेमच्या भाषेत हा कम्पॅशनेट आणि जस्ट (न्यायी) राजा आहे, आणि त्याने एक अख्खं राजघराणं संपवलंय.

शिलालेखात हे एकत्र राहू शकतं, कारण तो आईने मुलाचा केलेला गौरव आहे. गेममध्ये मात्र त्याची किंमत मोजावी लागते. मला या गेमची सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. दयाळू माणसाने संहार केला तर आतून त्याचं काय होतं, हा प्रश्न गेम प्रत्येक इव्हेंटला (समोर येणाऱ्या प्रसंगाला) विचारतो. म्हणून रागावण्याआधी ठरवा की या पिढीत काय करायचंय. दयाळू राजाच्या काळात तिजोरी भरा, इमारती बांधा, पोरांची लग्नं नीट जुळवा. लढायांवर त्याला ताण येत नाही, त्यामुळे मुलूखही वाढवता येतो. कटकारस्थानं मात्र पुढच्या पिढीवर सोडा.

फुकटचे पॉइंट

रूलर डिझायनरमध्ये, म्हणजे स्वतःचा राजा घडवायच्या खिडकीत, ४०० पॉइंटची मर्यादा पाळली तरच अचीव्हमेंट (गेमची बक्षिसं) मिळतात. मग काही जण पॉइंट परत देणारे वाईट ट्रेट घेतात आणि त्या पॉइंटांतून जीनियस (अतिहुशार) हा ट्रेट विकत घेतात. कागदावर हा राजा जबरदस्त दिसतो. खेळताना ताण इतका वेगाने चढतो की त्या बुद्धीचा उपयोग करायची वेळच येत नाही. वाईट ट्रेट घ्यायचाच असेल तर असा घ्या, ज्यावर ताण आणणारी कामं तुम्ही तसंही करणार नाही.

मुलांचं शिक्षण वाऱ्यावर सोडणं

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते पंधरा-वीस वर्षांनी कळतं.

मूल तीन वर्षांचं झालं की बालपणाचा ट्रेट मिळतो, सहाव्या वर्षी शिक्षणाची दिशा ठरते आणि सोळाव्या वर्षी निकाल लागतो. बालपणाचा प्रत्येक ट्रेट दोन विषयांना पूरक असतो. राउडी (दांडगट) मुलाला मार्शल (युद्धकला) किंवा इंट्रीग, बॉसीला (हुकूम गाजवणाऱ्याला) मार्शल किंवा स्टुअर्डशिप (कारभार), पेन्सिव्हला (विचारमग्न मुलाला) स्टुअर्डशिप किंवा लर्निंग (विद्या), क्युरियसला लर्निंग किंवा डिप्लोमसी, चार्मिंगला डिप्लोमसी किंवा इंट्रीग. राउडी पोराला लर्निंगला घातलं तर तो शिकेल, पण निकाल कच्चा लागण्याची शक्यता वाढते.

पालक, म्हणजे मुलाला घडवायला नेमायचा माणूस, निवडताना लोक नुसता आकडा बघतात. त्या विषयात हुशार आहे ना, मग झालं. पण पालकाचा स्वभावही मुलाला लागतो. उत्तम मार्शलचा सेनापती सेडिस्टिक (दुसऱ्याच्या छळात आनंद मानणारा) असेल, तर वारसही तसा निघू शकतो. एखाद्या पोराच्या बाबतीत स्वभाव महत्त्वाचा वाटत असेल, तर राजालाच पालक करा. मग इव्हेंटमध्ये मुलाला कुठे वळवायचं हे तुमच्या हातात राहतं. कधी त्यासाठी थोडा ताण घ्यावा लागतो, तो घ्या. एका माणसाला दोनच मुलं सांभाळता येतात, तेव्हा ती जागा मोठ्या वारसासाठी राखून ठेवा.

सोळाव्या वर्षी मार्शलचं शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला स्टुअर्डशिपच्या लाइफस्टाइलला (मोठेपणी अनुभव कमवायच्या विषयाला) लावू नका. शिक्षणाशी जुळणाऱ्या लाइफस्टाइलमध्ये अनुभव लवकर मिळतो.

आणि चांगलं रक्त टिकवायच्या नादात भावंडांत, चुलत भावंडांत लग्नं लावू नका. जीनियस मिळता मिळता इनब्रेड (जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळे येणारा दोष) मिळतो.

धर्माची खिडकी न उघडणं

प्रत्येक पंथाचे तीन सद्गुण आणि तीन पापं ठरलेली असतात, आणि ती स्वभावाच्या ट्रेटशीच जोडलेली आहेत. तोच ट्रेट एका दरबारात पुण्य देतो, तर दुसरीकडे सरदार नाकं मुरडतात. सरदार का नाराज आहेत हे कळत नसेल तर आधी ही खिडकी पाहा.

ताण २५० वर पोचलाय, आता काय?

आधी सगळी कारस्थानं थांबवा. मग शिकार किंवा मेजवानी, पैसे असतील ते. दोन्हींना पुन्हा करण्याआधी थांबावं लागतं, त्यामुळे संकट नसताना उगाच उधळू नका. लर्निंगमधली होल ऑफ बॉडी ही शाखा ताणावर चांगली उतरते. पण लाइफस्टाइल पाच वर्षांतून एकदाच बदलता येते, म्हणून हा उपाय आधीपासून योजावा लागतो.

तोल गेलाच, तर पहिल्या पर्यायावर घाईने क्लिक करू नका. मिळत असेल तर अथलेटिक (व्यायामाची आवड) घ्या, तब्येतीला फायदा आहे. फ्लॅजेलंट (स्वतःला फटके मारणारा) टाळा, तब्येत खाली जाते. दारू घेतली तर ताण उतरवण्याचा निर्णय तुमच्या यादीत येतो, तो वापरा. ट्रेट आला आणि निर्णय कधी दाबलाच नाही, असे खेळ मी बरेच पाहिले आहेत.

वारसच बिघडला असेल, तर त्याला बेदखल करता येतं, पण त्यासाठी घराण्याचा रिनाउन (कीर्तीचे गुण) जातो आणि तुम्ही घराण्याचे प्रमुख असावे लागता. बरेचदा ते करायची गरज नसते. बापाच्या तुरुंगातले कैदी मुलाकडे जातात. दयाळू बापाने ज्या बंडखोरांना वीस वर्षं नुसतं कोंडून ठेवलं, त्यांचा निकाल कॅलस (निष्ठुर) मुलगा ताण न घेता लावू शकतो. त्यामुळे गादी बदलली की ट्रेट वाचून झाल्यावर लगेच कैद्यांची यादी उघडा.