बाळंतिणीचं रडणं कधी सिरियसली घ्यायचं

बाळ झालं की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कारण नसताना रडू येतं, दूध उतरत नाही म्हणून रडू, नवऱ्याने फोन उचलला नाही म्हणून रडू, हे खूप जणींना होतं आणि दहा-पंधरा दिवसात आपोआप जातं, ह्याला बेबी ब्लूज म्हणतात. म्हणून आधी दिवस मोजा. दोन आठवडे उलटले तरी तेच चालू असेल तर "ओली बाळंतीण आहे, होतं असं" म्हणणं बंद करा, ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं. आणि सगळ्याच रडत नाहीत हां, काही जणी एकदम गप्प होतात, बाळाचं सगळं वेळेवर करतात पण त्याच्याकडे बघून काहीच वाटत नाही, आणि हे सांगायचीही लाज वाटते.

घरच्यांनी झोपेकडे बघा. बाळ झोपलंय, आजी जवळ बसलीये, तरी ही छताकडे बघत पडलीये किंवा श्वास चालू आहे ना म्हणून सारखं बाळाच्या नाकाशी बोट धरतेय, तर तो नुसता थकवा नाही. माहेरी असेल तर नवऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, कारण व्हिडिओ कॉलवर कॅमेरा कायम बाळावर. तो जरा तिच्याकडे वळवायला सांगा.

आधी कधी डिप्रेशन झालेलं, गरोदरपणातच उदास असायची, बाळ काचेच्या पेटीत राहिलं, पैशाची ओढाताण, नवऱ्याशी पटत नाही किंवा तो हात उचलतो, अशांना धोका जास्त. गोव्यातल्या आयांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला, त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना डिप्रेशन होतं आणि गरिबी, मारहाण यांच्यासोबत मुलगी होणं हेही कारणांत होतं. म्हणजे "पुढच्या वेळी मुलगा होईल" हा धीर नाहीये, प्लीज बोलू नका.

चेक करायला एडिनबरो स्केल आहे, १० प्रश्न, मागच्या ७ दिवसांबद्दल, एकूण ३० मार्क. १३ किंवा जास्त आले तर डॉक्टर गाठायचेच, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दल आहे, त्यात शून्य सोडून काहीही आलं तर टोटल बघत बसू नका. हे तिला एकटीला भरू द्या, सासूसमोर कोण खरं लिहिणार!

सहा आठवड्यांच्या व्हिजिटला गायनॅकना स्वतःहून सांगा, नाहीतर टाके आणि बाळाचं वजन यातच वेळ जातो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या, दोन्ही बिघडले की असंच गळून गेल्यासारखं वाटतं. अंगावर पाजत असताना चालतील अशा डिप्रेशनच्या गोळ्या आहेत, सर्ट्रालिन त्यातलीच, पण सायकियाट्रिस्टना विचारूनच. लगेच जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर २४ तास फ्री आहे, मराठीत बोलता येतं.

मात्र तिला आवाज ऐकू येतायत, झोप नाही तरी दमत नाहीये, बाळाबद्दल भलतेच संशय घेतेय, जिवाचं किंवा बाळाचं बरंवाईट करायचं बोलतेय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. एकटं सोडायचं नाही आणि बाहेरची बाधा म्हणून देवरुषीकडे तर अजिबात नाही.

घरात डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं करा, पण रात्रीचे सलग चार-पाच तास तिला झोपू द्या, तेवढ्यात बाळ दुसऱ्या कोणीतरी घ्या, दूध आधी काढून ठेवता येतं. बाळ बघायला येणाऱ्यांना "दूध पुरतंय का गं?" विचारू देऊ नका. आणि गोळ्या चालू असतील तर सासरी जाताना आता बरं वाटतंय म्हणून मधेच सोडू नका, चिठ्ठी बॅगेत टाका आणि तिकडच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट निघायच्या आधीच घेऊन ठेवा.