डोंगरातला भूवापर कसा बदलला, हे उपग्रहचित्रांवरून कसं मोजायचं

डोंगराळ भागाची तीस वर्षांच्या अंतराची दोन उपग्रहचित्रं शेजारी ठेवली की जिकडेतिकडे बदल दिसतो. त्यातला बराचसा खोटा असतो. कुठे सावली सरकलेली असते, कुठे बर्फ रेंगाळलेलं, कुठे पानगळ झालेली. सपाट प्रदेशात ज्या चुका खपून जातात, त्या इथे सगळा निष्कर्ष फिरवतात.

चित्रं निवडताना लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेपासून सुरुवात करा. १९८४ च्या लँडसॅट-५ पासून ३० मीटरच्या पिक्सेलची मालिका मिळते आणि २००८ पासून ती मोफत आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांचे काही बँड (प्रकाशाचे वेगवेगळे टिपलेले पट्टे) १० मीटरचे आहेत, पण ते २०१५ नंतरचे. अरुंद पायऱ्यांच्या शेतीत ३० मीटरच्या एका पिक्सेलमध्ये चार-पाच पायऱ्या आणि बांधावरचं गवत एकत्र येतं, हे धरूनच चाला. दोन सापळे आधीच टाळा. लँडसॅट-७ च्या चित्रांत ३१ मे २००३ नंतर रिकामे पट्टे आहेत. सेंटिनेल-२ च्या २५ जानेवारी २०२२ पासूनच्या नव्या प्रक्रियेत प्रत्येक मूल्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा केले नाहीत तर सगळा डोंगर एका रात्रीत उजळल्यासारखा दिसतो.

सगळ्या वर्षांची चित्रं एकाच हंगामातली हवीत, तारखांत दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त फरक नको. जमल्यास दर वर्षाची दोन घ्या: एक पीक उभं असतानाचं, एक कापणीनंतरचं. कुरण आणि शेत वेगळं काढायचा हाच भरवशाचा मार्ग. कापणीनंतर शेत उघडं पडतं. गवत वाळलं तरी जमीन झाकलेली राहते.

आता सावली. लँडसॅट सकाळी दहाच्या सुमारास चित्र घेतो. तेव्हा उत्तर गोलार्धात सूर्य साधारण आग्नेयेला असतो, म्हणून वायव्येकडचे उतार काळवंडतात आणि तिथलं विरळ झुडूपही दाट जंगल वाटतं. यावर उतार-दुरुस्ती करावी लागते:

१. उंचीच्या डेटावरून (डीईएम) उतार आणि उताराची दिशा काढा. डेटा चित्राच्याच नकाशा-प्रक्षेपणात आणि पिक्सेलला पिक्सेल जुळलेला हवा. एक-दोन पिक्सेल सरकला तरी प्रत्येक कड्याला उजळ-काळी किनार येते.

२. सूर्यकिरण उताराच्या लंबाशी जो कोन करतात, त्याचा कोसाइन प्रत्येक पिक्सेलसाठी काढा.

३. प्रत्येक बँडचं मूल्य आणि हा कोसाइन यांची सरळ रेषा बसवा. कोसाइन शून्य असताना रेषेवर येणारं मूल्य भागिले रेषेचा चढ म्हणजे 'सी'. मूळ मूल्याला (सूर्याच्या शिरोबिंदू-कोनाचा, म्हणजे थेट डोक्यावरच्या दिशेपासूनच्या कोनाचा, कोसाइन + सी) ने गुणा आणि (उतारावरचा कोसाइन + सी) ने भागा.

'सी' न घालता नुसता कोसाइन वापरला तर अंधाऱ्या उतारांवर भाजक शून्याजवळ जातो आणि ते उतार पांढरेफटक होतात. दुरुस्तीनंतर रेषा पुन्हा बसवून पाहा. ती जवळपास आडवी व्हायला हवी. पूर्ण सावलीत माहितीच नसते, ते पिक्सेल वगळा. ढग, सावली, अवकाळी बर्फ यांमुळे जे पिक्सेल एका वर्षी वगळले, ते सगळ्या वर्षांतून वगळा. नाहीतर जंगल 'वाढलं' ते फक्त ढग हटल्यामुळे.

मग प्रत्येक पिक्सेल जमिनीच्या एकेका वर्गात टाकून त्या-त्या वर्षाचा नकाशा करा. वर्ग सात-आठच ठेवा: जंगल, झुडपं, कुरण, शेती, वस्ती व रस्ते, खडक व दरडी, बर्फ, पाणी. 'सोडलेली शेती' हा वर्ग एका चित्रावरून ठरत नाही. सोडलेलं शेत आधी गवतासारखं, मग झुडपांसारखं दिसतं, आणि विश्रांतीला ठेवलेलं शेतही पहिल्या वर्षी तसंच. सलग पाच वर्षं पीक दिसलं नाही, तरच सोडलेलं म्हणा. फिरती शेती असेल तर दोनच तारखांची तुलना नकोच. एका जोडीत जंगलतोड दिसेल, दुसऱ्या जोडीत वनवाढ, आणि प्रत्यक्षात ते एकच चक्र असेल.

दोन नकाशे प्रत्येकी ९० टक्के अचूक असतील आणि चुका एकमेकांशी निगडित नसतील, तर दोन्ही बरोबर असल्याची शक्यता ८१ टक्केच उरते. खरा बदल ५ टक्के असेल तर तो या चुकांत बुडतो. म्हणून बदलाच्या प्रत्येक प्रकारात निदान ५० यादृच्छिक बिंदू जास्त बारकाव्याच्या चित्रांवर तपासा आणि क्षेत्रफळ पिक्सेल मोजून नव्हे, या तपासणीतून दुरुस्त करून द्या. ते नकाशावरचं आहे की उतारावरचं, हेही लिहा: ३० अंशांच्या उतारावर प्रत्यक्ष पृष्ठभाग सुमारे १५ टक्के जास्त असतो, ४५ अंशांवर ४१ टक्के.

शेवटी आकडे २०० मीटर उंचीच्या पट्ट्यांत आणि उताराच्या चार दिशांत वाटून पाहा. वृक्षरेषा (जिच्या वर झाडं उगवत नाहीत ती उंची) वर सरकलेली दिसली तर लगेच तापमानवाढीचं नाव घेऊ नका. गुरं यायची थांबली तरी झाडं वर चढतात. त्या वर्षांतली जनावरांची संख्या शेजारी ठेवल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही.