टांझानियातल्या खेड्यात राहायला निघण्याआधी

इरिंगा भागातल्या एका खेड्यात मी वर्षभर गणित शिकवायला होते. तेव्हापासून कोणी तिकडे स्वयंसेवक म्हणून निघालं की माझ्याकडे यादी मागतं, आणि यादी पाठवली की उत्तर ठरलेलं असतं: 'एवढं कशाला, खेडं आम्ही पाहिलंय की.' माझंही तिथेच चुकलं होतं. लाल माती, मक्याची शेतं, दारातल्या कोंबड्या, सगळं इतकं ओळखीचं वाटलं की विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही.

आधी कागद. पर्यटक व्हिसावर जाऊन काम करायचं नाही, बिनपगारी असलं तरी नाही. स्वयंसेवकांना 'क्लास सी' निवासी परवाना लागतो आणि त्याचा अर्ज तुम्हाला बोलावणारी संस्था करते. परवान्याचं कुठवर आलंय हे तिकीट काढण्याआधी विचारा. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. ती निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि दाखला पासपोर्टसोबतच ठेवा. विमान नैरोबी किंवा आदिस अबाबाला बदलणार असाल तर परतताना भारतातल्या विमानतळावर तो मागू शकतात, आणि नसला तर विलगीकरणात बसवून ठेवू शकतात. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांशी बोला. तिकडे ताप आला तर 'प्रवासाचा शीण असेल' म्हणून झोपून राहू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

कपड्यांत सगळे एकच चूक करतात: आफ्रिका म्हणजे ऊन, म्हणून सुती कपड्यांनी बॅग भरतात. इरिंगा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे. जून-जुलैच्या रात्री मी दोन स्वेटर घालून झोपत होते. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, म्हणजे तुम्ही ऐन पावसात पोहोचाल. गमबूट इरिंगाच्या बाजारात मिळतात, इथून वाहून नेऊ नका. बायकांनी गुडघ्याखाली जाणारे घागरे घ्यावेत आणि पहिल्याच आठवड्यात कांग्याची एक जोडी विकत घ्यावी. कांगा म्हणजे कमरेला गुंडाळायचं छापील कापड. त्याच्या खालच्या काठाजवळ स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या भाषेत, एखादं वाक्य छापलेलं असतं. ते वाचून घ्या. मी रंग बघून घेतला आणि शेजारणीला मारलेला टोमणा महिनाभर कमरेला बांधून फिरले. वाळत घातलेल्या कपड्यांना, आतल्यासुद्धा, कडक इस्त्री करायची. ओल्या कपड्यांवर एक माशी अंडी घालते आणि अळी थेट कातडीत शिरते. अनवाणी चालायचं नाही, त्यालाही असंच कारण आहे.

प्लग इंग्लंडसारखा, तीन चौकोनी पिनांचा लागतो. पातळ कॅरीबॅग सामानात ठेवू नका, जून २०१९ पासून तिथे बंदी आहे. सिमकार्डासाठी पासपोर्ट आणि बोटाचे ठसे लागतात, आणि पैशांचे बरेचसे व्यवहार त्या सिमवरूनच होतात.

भाषेवर जास्त वेळ द्या. प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते आणि माध्यमिक एकदम इंग्रजीत, त्यामुळे पहिल्या वर्षाची मुलं तुमच्या इंग्रजीकडे नुसती बघत बसतील. मराठी माणसाला स्वाहिली शब्द पटकन सापडतात: हबारी म्हणजे खबर, हेसाबू म्हणजे हिशेब, साबुनी, रंगी, दुनिया, पेसा. वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचं. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात, म्हणजे आपलं 'पाया पडते'च. उत्तर येतं 'माराहाबा'. त्यानंतर घरची, कामाची, सकाळची खबर विचारायची आणि प्रत्येक वेळी 'न्झुरी', म्हणजे छान, असंच म्हणायचं. दात दुखत असला तरी आधी न्झुरी, मग दात. हे गाळून थेट कामाचं बोललात तर तुम्ही रागावला आहात असं समजतात. कोणाच्या अंगणात शिरताना 'होदी' अशी हाक द्यायची. आतून 'कारिबू', म्हणजे 'या', आलं नाही तर तीन हाकांनंतर परत फिरायचं.

घड्याळाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, 'सा तातू'ला पालकांची बैठक आहे. तातू म्हणजे तीन, एवढं मी पाठ केलं होतं. दुपारी तीनला वही घेऊन पोहोचले तर शाळेत फक्त एक शेळी होती. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. घड्याळात काटा जिथे आहे त्याच्या बरोब्बर समोरचा आकडा बोलायचा. बैठक सकाळी नऊलाच उरकली होती आणि नव्या बाईंची ओळख त्यांच्याविना करून दिली गेली होती.

लोक तुम्हाला 'म्हिंदी' म्हणतील, म्हणजे भारतीय. (मक्याला 'महिंदी' म्हणतात, त्यावरून पोरं विनोद करतील, हसून घ्या.) गोऱ्या स्वयंसेवकाकडे पाहुणा म्हणून बघतात, आपल्याकडे आधी दुकानदार म्हणून. शहरातली बरीच दुकानं पिढ्यान्‌पिढ्या तिथे असलेल्या गुजराती कुटुंबांची आहेत आणि त्या नात्यात विश्वास आहे तसा जुना सलही आहे. 'तुमचं दुकान कुठे?' हा प्रश्न मला पहिल्या महिन्यात रोज यायचा. त्यावर चिडू नका आणि 'मी तसली नाही' असंही म्हणू नका. शिक्षिका आहे, शाळेमागे राहते, एवढं पुरतं. आणखी एक, स्पष्टच सांगते: घरी फोनवर मराठीत बोलताना 'हे काळे लोक' वगैरे चालू नका करू. शब्द कळत नाहीत, सूर कळतो.

जेवण म्हणजे उगाली, पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सोबत महारागे, म्हणजे घेवड्याच्या दाण्यांची उसळ, किंवा म्चिचा, म्हणजे आपल्या माठाचीच बहीण. शाकाहारी माणसाचं छान भागतं, फक्त मांस खात नाही हे पहिल्याच दिवशी सांगा, कोंबडी कापल्यावर नको. जेवणाऱ्या घरावरून गेलात तर हाक येतेच. एक घास घ्या, जास्त नको. कापणी मेनंतर होते आणि जानेवारी-फेब्रुवारीत कणग्या तळाला गेलेल्या असतात, हे कोणी तुम्हाला बोलून दाखवणार नाही. कोणाकडे जाताना किलोभर साखर किंवा साबणाचा बार न्यावा.

मयताला जायचंच, ओळख असो नसो. रांबिरांबी म्हणून थोडे पैसे द्यायचे असतात आणि ते वहीत लिहिले जातात, आपल्या आहेरासारखे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बायकांच्या चटईवर कोपऱ्यात बसून राहिले. माझ्यापुढे उंगो सरकवला गेला. बघते तर सूप! शंभर माणसांचा तांदूळ निवडायचा होता. पाखडायला आजीने शिकवलं होतं, हात आपोआप चालायला लागला. शेजारच्या बाईने माझ्या मनगटाकडे बघितलं, काही न बोलता थोडी सरकली आणि मला नीट पाय पसरायला जागा केली. दुकानाचा प्रश्न त्यानंतर फारसा आला नाही.

शेवटची वस्तू तीन लिटरचा कुकर. लोक हसतील, तरी न्या. घेवडा कोळशाच्या जिकोवर, म्हणजे शेगडीवर, शिजायला अख्खी दुपार जाते आणि कोळसा विकत घ्यावा लागतो. माझ्या कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा अंगणातली पोरं पळून गेली होती. पंधरवड्याने शेजारणी भिजवलेले दाणे घेऊन होदी म्हणत यायला लागल्या. मी रिंग एकच नेली होती, ती ऑगस्टात गेली आणि इरिंगात त्या मापाची मिळाली नाही. तीन न्या, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन.