मेडिकलला जायचंय? मग मार्कांसोबत कागदांची तयारी अकरावीलाच सुरू करा

तालुक्याला तहसील कचेरीसमोर माझं फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. नीटचा निकाल लागला की पंधरा दिवस जेवायला फुरसत मिळत नाही, आणि दरवर्षी एक तरी पोरगं असं येतं की मार्क चांगले, कॉलेज मिळण्यासारखं, पण हातात व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र नाही, किंवा नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, मार्चमध्येच संपलेलं. बाप समोर बसून नुसता बघत राहतो. ते बघवत नाही म्हणून हे लिहितोय. ज्यांच्या घरात आधी कोणी डॉक्टर झालेलं नाही, ज्यांना विचारायला कोणी नाही, त्यांनी हे नीट वाचा आणि घरच्यांना पण वाचून दाखवा.

आधी मोठं चित्र बघू. एमबीबीएसला जायचं तर नीट एकच परीक्षा, ७२० मार्कांची, बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं की १ वजा. पेपर मराठीतून पण देता येतो, हे आमच्याकडे अजून कित्येकांना माहीत नसतं. बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी मिळून ओपनला ५०% आणि राखीव प्रवर्गाला ४०% लागतात. वय ३१ डिसेंबरला १७ पूर्ण पाहिजे आणि वरची वयाची अट आता नाही, म्हणजे मधे दोन-तीन वर्षं शेतात नाहीतर कंपनीत काम केलेलं पोरगं पण बसू शकतं. बारावीला मॅथ्स घेतलं आणि बायोलॉजी सोडलं असेल तर जादा विषय म्हणून नंतर बायोलॉजी पास होऊन पण चालतं, ते २०२३ च्या शेवटी मान्य झालं.

सरकारी कॉलेजच्या १५% जागा ऑल इंडिया कोट्यात जातात, त्याचा फॉर्म दिल्लीच्या एमसीसीच्या, म्हणजे मेडिकल कौन्सिलिंग कमिटीच्या साईटवर. उरलेल्या ८५% राज्याच्या, त्याचा फॉर्म आपल्या राज्याच्या सीईटी सेलच्या साईटवर. दोन्ही फॉर्म वेगळे, दोन्हीचे पैसे वेगळे, तारखा वेगळ्या. एक भरला म्हणजे दुसरा आपोआप भरला असं होत नाही. नीटचा फॉर्म भरला होता ना, मग परत कशाला, असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

आता राज्याच्या ८५% साठी सगळ्यात मोठी अट ऐका, कारण ही पाळायची वेळ दहावी झाल्या झाल्या येते. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास पाहिजे आणि डोमिसाईल, म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी दाखला पाहिजे. काही क्लासवाले पोरांना बाहेरच्या राज्यात नेतात आणि अकरावी-बारावी तिथल्याच शाळेत दाखवतात. सैन्यातल्या किंवा केंद्र सरकारच्या नोकरीतल्या लोकांच्या पोरांना यात सवलती आहेत, बाकीच्यांचा राज्याचा कोटा तिथंच जातो. क्लास कुठं पण लावा हो, पण बारावीचा फॉर्म महाराष्ट्रातल्या कॉलेजातूनच भरला जातोय ना हे स्वतः जाऊन बघा.

आता जातीच्या कागदांकडे येतो, इथंच जास्त वेळ जातो. जातीचा दाखला प्रांत ऑफिसमधून मिळतो तो वेगळा आणि जात पडताळणी समितीकडून येते ती व्हॅलिडिटी वेगळी. अ‍ॅडमिशनला दोन्ही लागतात. घरात वडील, सख्खा भाऊ-बहीण, चुलते, आत्या यांच्यापैकी कोणाची व्हॅलिडिटी असेल तर काम बरंच हलकं होतं. आईकडची चालत नाही. कोणाचीच नसेल तर जुना पुरावा शोधायला लागतो आणि तो ठराविक तारखेच्या आधीचा असला तर बरं. एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखा घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा, कारण आजोबा-पणजोबांचा कागद शोधताना याच बघायच्या असतात.

माझ्याकडे एक पोरगी आली होती, धनगर समाजाची, बाप मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर. आजोबा शाळेत गेलेलेच नाहीत, जमीन पण नाही, मग पुरावा आणायचा कुठून. दोन महिने नुसत्या चकरा. शेवटी म्हातारीला आठवलं की धाकटा दीर लहानपणी वस्तीजवळच्या शाळेत थोडे दिवस जायचा. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो, हेडमास्तरांनी कपाटाच्या वरच्या फळीवरनं जुनं रजिस्टर काढलं, पानं सुटलेली, वाळवीनं कडा खाल्लेल्या. १९५४ सालच्या पानावर चुलत आजोबांचं नाव सापडलं, जातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात धनगर लिहिलेलं. पण आडनाव नव्हतं, नुसतं मुलाचं आणि बापाचं नाव. मग वंशावळीचं शपथपत्र करून ती दोन नावं आजच्या आडनावापर्यंत आणून जोडली आणि शाळेकडून प्रवेश निर्गम उतारा सही-शिक्क्यानिशी घेतला. पडताळणी समितीचं दक्षता पथक चौकशीला घरी आलं, म्हातारीचा जबाब घेतला. व्हॅलिडिटी आली तेव्हा पोरगी बारावीला होती, म्हणून निभावलं. निकालानंतर सुरुवात केली असती तर तिला ओपनमधून बसावं लागलं असतं.

तेव्हा शोधायचं कुठं ते सांगतो. आजोबा किंवा त्यांच्या भावांचा शाळा सोडल्याचा दाखला आधी बघा. तो नसला तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, आमच्याकडे याला कोतवाल बुक पण म्हणतात. जुनं खरेदीखत, कुळाचे कागद, सैन्यातली नोंद काही पण चालू शकतं. कागद मोडीत असला तर घाबरू नका, मोडी वाचणारे अधिकृत लोक असतात, त्यांच्याकडून लिप्यंतर करून घ्यायचं. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत निघतात, त्याचं पण तसंच. अर्ज ऑनलाईन भरायचा, अकरावी-बारावीच्या कॉलेजकडून प्राचार्यांच्या सहीचा १५ ए फॉर्म घ्यायचा आणि सगळ्यांच्या झेरॉक्स दोन संच करून ठेवायच्या. एसटीवाल्यांची समिती वेगळी असते आणि तिथं वेळ सगळ्यात जास्त लागतो, तेव्हा आदिवासी पोरांनी तर दहावीचा निकाल हातात आला की लगेच अर्ज टाका. यंदा मुदत वाढेल, व्हॅलिडिटीच्या अर्जाची पावती चालेल अशा आशेवर बसू नका, एखाद्या वर्षी वाढते, एखाद्या वर्षी नाही.

नॉन क्रिमीलेअर व्हीजे (विमुक्त), एनटी (भटके), एसबीसी (विशेष मागास), ओबीसी आणि एसईबीसी (मराठा समाजाचा प्रवर्ग) या सगळ्यांना लागतं, एससी-एसटीला लागत नाही. वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची आहे पण त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. ही गोष्ट लोकांना कळतच नाही, शिक्षक असलेले कितीतरी वडील पगार जास्त आहे म्हणून अर्जच करत नाहीत. आई-वडील वरच्या वर्गाचे अधिकारी असतील तर नियम वेगळा, बाकीच्यांनी जरूर विचारा. आणि दाखल्यावर मुदत कुठल्या ३१ मार्चपर्यंत आहे ते बघा, अ‍ॅडमिशनच्या वर्षानंतरचा ३१ मार्च पाहिजे.

ऑल इंडियाला जाताना मात्र नियम बदलतात. तिथं व्हीजे-एनटी असा प्रवर्गच नाही, केंद्राच्या ओबीसी यादीत जात असेल तर केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला चालू आर्थिक वर्षातला काढायचा. मराठा समाजाला २०२४ च्या कायद्यानं राज्यात एसईबीसीचे १०% आहेत पण केंद्रात ते चालत नाही, तिथं निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला घ्यायचा. कुणबी नोंद सापडलेल्यांनी दोन्हीकडं ओबीसीतून भरायचं. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला मात्र पगार-शेती सगळं उत्पन्न धरतात आणि पाच एकर किंवा जास्त शेती असेल तर मिळत नाही, तेव्हा नॉन क्रिमीलेअरचा हिशोब इथं लावू नका.

दिव्यांग मुलांसाठी ५% जागा आहेत. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र असलं तरी नीटसाठी ठरवून दिलेल्या केंद्रावर जाऊनच तपासणी करून घ्यायची असते, मुंबईत हाजीअलीचं केंद्र त्यातलं एक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की नुसता टक्क्यांचा आकडा बघून पोराला अपात्र ठरवायचं नाही, तो शिक्षण पुरं करू शकतो का हे मंडळानं बघायचं आणि कारण लिहून द्यायचं. म्हणून कोणी तोंडी नाही म्हटलं तर तिथंच हार मानू नका, लेखी मागा.

याशिवाय काही रस्ते आहेत जे फार थोड्यांना ठाऊक असतात. वडील किंवा आई कारखान्यात आहेत आणि पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता कापला जातो, तर ईएसआयसीच्या कॉलेजांमध्ये विमाधारकांच्या पोरांसाठी वेगळ्या जागा असतात, त्याचं प्रमाणपत्र ईएसआयसीच्या साईटवरून काढायचं आणि एमसीसीच्या फॉर्मला लावायचं. चाकण, बुटीबोरी, वाळूजच्या कामगारांनी हे नक्की बघा. डोंगरी भागातली गावं, माजी सैनिकांची पोरं, अनाथ मुलं यांना राज्याच्या कोट्यात वेगळी तरतूद आहे. बेळगाव, निपाणी, कारवार, बिदरकडच्या ८६५ वादग्रस्त गावांतल्या मराठी पोरांसाठी पण सीमाभागाच्या जागा राखीव असतात, तिकडचे नातेवाईक असतील तर कळवा त्यांना. पुण्याच्या एएफएमसीला, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजला, नीटनंतर वेगळी चाचणी आणि मुलाखत असते, तिथून निघालं की सैन्यात नोकरी करावी लागते.

पैशाचं आधीच सांगतो, भीतीनं मागे हटू नका. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर जुलै २०२४ च्या निर्णयानं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, खाजगी कॉलेजला पण, फक्त अ‍ॅडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतली तर नाही. एससी, एसटी, भटक्यांसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप (फी माफी), ओपनच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना, सगळ्यांचे अर्ज सरकारच्या महाडीबीटी साईटवर. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे येतच नाहीत, ते आत्ताच करून घ्या. सरकारी कॉलेजला शिकलं की नंतर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड असतो, नाही केली तर १० लाख भरायचे.

प्रेफरन्स, म्हणजे कॉलेजांची पसंती भरताना माझं एकच म्हणणं, आवडीच्या क्रमानं भरा आणि भरपूर भरा. मागच्या वर्षीचा कटऑफ बघून वरची कॉलेजं गाळू नका, वर टाकून न मिळाल्यानं काही बिघडत नाही. मात्र जिथं जायचंच नाही ते नाव कधी टाकू नका. पहिल्या राऊंडला सोडायला मोकळीक असते, पुढं अनामत जाते आणि शेवटच्या राऊंडला मिळालेलं सोडलं तर चांगलंच महागात पडतं, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून वाचा, क्लासच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजवर विसंबू नका. आणि कॉलेज मिळाल्यावर बेटरमेंट, म्हणजे पुढच्या राऊंडला वरच्या पसंतीचं कॉलेज नको असेल तर आहे तेच ठेवायला रिटेन्शनचा फॉर्म भरायचा, तो विसरला आणि पुढच्या राऊंडला दुसरं लागलं की हातातलं जातं.

नाव सगळीकडं एकसारखं आहे का ते बघा. दहावीच्या मार्कशीटवरचं स्पेलिंग खरं धरायचं आणि आधार त्याप्रमाणं दुरुस्त करून घ्यायचं. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत ठेवा.

रिपोर्टिंगला जाताना मूळ कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये घाला, पावसाचे दिवस असतात, एसटीच्या टपावर बॅग टाकली आणि व्हॅलिडिटीची शाई पसरली असं माझ्यासमोर झालंय. झेरॉक्सचे चार संच, दहा फोटो, डीडी कोणाच्या नावानं ते कॉलेजला फोन करून विचारलेलं. मुदत संध्याकाळी पाचची असली तरी आदल्या रात्री त्या गावात पोचा. ती मेंढपाळाची पोरगी आणि तिचा बाप रात्री स्टँडवरच झोपले होते, सकाळी नऊला कॉलेजच्या दारात पहिला नंबर त्यांचा.