तळ्यात-मळ्यात करणाऱ्या कंपनीकडून वेबसाइटचं काम कसं मिळवावं

तीन बैठका होतात, प्रत्येक वेळी "छान आहे, कळवतो" असं उत्तर मिळतं आणि मग महिनाभर शांतता. अशा वेळी बरेच डिझायनर दर उतरवतात किंवा होमपेजचं आणखी एक मॉकअप (नमुना-चित्र) फुकटात करून पाठवतात. त्याने काम हलत नाही. मार्केटिंगला एक हवं असतं, आयटीला दुसरं, आणि उद्या काही चुकलं तर आपलं नाव पुढे येईल या धास्तीने सही कुणीच करत नाही. नव्या मॉकअपमुळे त्यांना वाद घालायला आणखी एक विषय मिळतो, इतकंच.

म्हणून आधी माणूस शोधा. पहिल्याच बैठकीत विचारा: पैसे कुणाच्या बजेटमधून जाणार? अंतिम सही कुणाची? सही नसूनही काम अडवू शकेल असं कोण आहे? (बहुतेकदा आयटी सुरक्षा, कायदा विभाग किंवा खरेदी विभाग.) याआधी साइट बदलायचा प्रयत्न झाला होता का, आणि तो कुठे अडला? हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण मागच्या वेळी जिथे घोडं अडलं तिथेच ते पुन्हा अडतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं समोरच्याकडे नसतील, तर निर्णय त्याच्या हातात नाही. त्याला वरिष्ठांपुढे ठेवता येईल असं एकच पान लिहून द्या. पन्नास स्लाइड्स तो पुढे पाठवणार नाही.

मग तारीख. खोटी मुदत लावू नका, त्यांच्याकडचीच शोधा: नवं उत्पादन, प्रदर्शन, संपत आलेला होस्टिंगचा करार. साइट अजून ड्रुपल ७ या जुन्या वेबसाइट-सॉफ्टवेअरवर असेल तर ५ जानेवारी २०२५ पासून त्याचा अधिकृत सपोर्ट बंद आहे, हेही सांगण्याजोगं कारण आहे. त्या तारखेपासून उलटं मोजा. मध्यम आकाराच्या साइटसाठी शोधटप्पा (गरजा समजून घेण्याचा पहिला टप्पा) २ आठवडे, डिझाइन ४, डेव्हलपमेंट ८, मजकूर भरणं आणि तपासणी ४, म्हणजे १८ आठवडे धरा.

मतामतांचा गलबला शांत करायला आकडे लागतात. त्यांची महत्त्वाची पाच पानं गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग मोजणाऱ्या साधनात टाकून पाहा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसायला हवा, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यायला हवा. तिथे खऱ्या वापरकर्त्यांचा मागच्या २८ दिवसांचा डेटा मिळतो. वर्दळ कमी असेल तर फक्त चाचणीचे आकडे दिसतात, तसं स्पष्ट लिहा. साइटची पानं तपासणाऱ्या स्क्रीमिंग फ्रॉग या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत ५०० यूआरएलपर्यंत (पानांचे पत्ते) यादी निघते. मेलेल्या लिंका आणि दुहेरी पानं दाखवली की "निळा की हिरवा" ही चर्चा आपोआप मागे पडते.

आता पूर्ण साइट विकायला जाऊ नका. फक्त दोन आठवड्यांचा शोधटप्पा विका, ठरावीक रकमेत. विभागप्रमुख स्वतःच्या अधिकारात किती रकमेपर्यंत सही करू शकतो ते विचारून घ्या आणि त्याच्या आत बसवा. सहा ते आठ जणांच्या ४५ मिनिटांच्या मुलाखती वेगवेगळ्या घ्या. साहेबांसमोर कनिष्ठ माणसं खरं बोलत नाहीत. हाती काय येईल ते लिहून द्या: पानांची यादी, प्राधान्यक्रम, कामाची व्याप्ती, खर्चाचा अंदाज. हे सगळं घेऊन ते दुसऱ्या कुणाकडेही जाऊ शकतात, असंही लिहा. त्याने भीती निम्मी होते. हा टप्पा फुकट मात्र देऊ नका. फुकटच्या मुलाखतीला कुणी वेळेवर येत नाही.

मुख्य प्रस्तावात दोनच पर्याय ठेवा आणि तुमची शिफारस कोणती ते सांगा. पाच पर्याय दिलेत की पुन्हा भिजत घोंगडं. अटी अशा: सगळ्यांचे अभिप्राय एकच नेमलेली व्यक्ती एकत्र करून ५ कामाच्या दिवसांत देईल, दुरुस्तीच्या २ फेऱ्या, तिसरीचे पैसे वेगळे, प्रस्ताव ३० दिवस वैध, काम ३० दिवसांहून जास्त थांबलं तर तोवरचं बिल आणि नवं वेळापत्रक. शेवटचा हप्ता लाँचला बांधू नका. लाँच त्यांच्या मजकुरावाचून रखडतं आणि तुमचे पैसे अडकतात. तो साइट तपासणीसाठी सोपवल्याच्या तारखेला बांधा. विक्रेता म्हणून नोंदणीचे कागद आणि सुरक्षेची प्रश्नावली शोधटप्प्यातच मागून घ्या, त्यात आठवडे जातात.

मध्येच शांतता पसरली तर "काही ठरलं का?" असं विचारू नका. असं लिहा:

"नमस्कार. १८ आठवड्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे शोधटप्पा १२ तारखेला सुरू झाला तरच प्रदर्शनाआधी साइट तयार होईल. त्यासाठी दोन गोष्टी लागतील: मुलाखतींसाठी सहा नावं आणि वर्क ऑर्डर. तारीख जमणार नसेल तर कळवा. प्रदर्शनापुरती फक्त उत्पादनांची पानं करायचा पर्याय आम्ही पाठवतो."

याला आठवड्यात उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा. तरीही काही हललं नाही, तर ती तारीख दुसऱ्या कामाला दिल्याचं त्यांना लेखी कळवा आणि प्रस्तावाची मुदत संपू द्या.