साथीच्या काळात ग्रामीण कुटुंबातील मुलांचा आहार कसा सांभाळावा

साथ आली की घरातले अन्न एकाएकी संपत नाही. आधी ताटातील विविधता जाते. मजुरी थांबते, बाजार बंद पडतो आणि डाळी, अंडी, दूध मागे पडून नुसत्या धान्यावर पोट भरले जाते, त्यामुळे मूल उपाशी दिसत नसले तरी प्रथिने आणि लोह यांची उणीव वाढत राहते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्याने जगभरातील सुमारे ३७ कोटी मुले शालेय भोजनाला मुकली. म्हणून त्याऐवजी कोरडा शिधा मिळतो का, याची चौकशी लगेच करावी. पैसा अपुरा असल्यास बिस्किटांआधी टिकाऊ कडधान्ये घ्यावीत.

लहानग्याची लापशी जास्त दिवस पुरावी म्हणून पातळ करण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथेच होते. चमचा तिरका करताच ती ओघळली, तर तिच्यात पाणी जास्त आहे असे समजावे. आई कोविडबाधित असली तरी मुखपट्टी लावून व हात धुऊन स्तनपान चालू ठेवावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास त्याला विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.