अंगणवाडीचा आराखडा करताना या चुका टाळा

कापूस वेचणीचे दिवस, सकाळचे अकरा. अंगणवाडीत पालकसभा बोलावली होती. आल्या सात जणी, त्याही शेजारपाजारच्या. फळ्यावर पुढच्या वर्षाचा आराखडा आधीच लिहून ठेवलेला: भिंतींना रंग, खेळणी, सतरंज्या. उरलेल्या सह्या मदतनीस दुसऱ्या दिवशी दारोदार फिरून घेऊन आली. मी त्या बीटाची, म्हणजे आसपासच्या काही अंगणवाड्यांची, पर्यवेक्षिका होते. सभा झाली, असं अहवालात मीच लिहिलं.

रंग लागला, खेळणीही आली. नाल्यापलीकडच्या वस्तीतली अकरा मुलं मात्र वर्षभर फिरकली नाहीत. कारण कळलं ते लसीकरणाच्या दिवशी, एका आजीकडून. "सून सातलेच वेचणीले जाते. मले गुडघ्यानं चालवत नाही. लेकराले नाल्यावरून एकटं कसं धाडू, सांगा?" मग मदतनिसीनं सकाळची फेरी त्या वस्तीपासून सुरू केली. एक रुपया लागला नाही. हे आम्हाला आधी कळलं असतं, पण आधी आम्ही विचारलंच नव्हतं.

आराखडा आधी, पालक नंतर

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. समोर तयार यादी दिसली की माणसं मान डोलावतात आणि घरी जातात. त्यामुळे फळा कोरा ठेवा आणि प्रश्न साधे ठेवा: मूल किती वाजता उठतं, त्याला कोण सांभाळतं, अंगणवाडीत कोणत्या दिवशी येत नाही आणि का?

हे आपल्याकडे नवं नाही. आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली काम सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, तीही त्यांचा दिवस कसा जातो ते पाहूनच.

सभेला कोणी येत नाही?

वेळ बदला. वेचणी, लावणी, ऊसतोड यांच्या हंगामात दुपारची सभा म्हणजे रिकामी सतरंजी. संध्याकाळी वस्तीवरच्या एखाद्या ओट्यावर बसा. टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं वाटण्याच्या दिवशी आया येतातच, तेव्हा दहा मिनिटं बोला. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, त्यांच्याशी दसऱ्याआधीच बोलून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यायला सांगा आणि पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाइल अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद करा.

पालक म्हणजे फक्त आई, असंही धरू नका. मूल काय खातं हे बऱ्याच घरांत आजी ठरवते, आणि दवाखान्यात न्यायचं की नाही हे बाप. या दोघांना कोणी काही विचारतच नाही.

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. अंगणवाडीचं मागणं तिथेच मांडून ठरावात आणा. महिला व बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा ठेवायचा असतो. तो कशावर गेला, हे विचारायला संकोच करू नका.

डॉक्टरांना हारतुऱ्यापुरतं बोलावणं

प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी येतात, नारळ स्वीकारतात, 'पौष्टिक आहार द्या' म्हणतात आणि जीप निघून जाते. इतकी जाणती व्यक्ती दारात आली आणि तिला दाखवलं काय, तर रांगोळी. फार वाईट वाटतं.

भाषण नको, वाढीच्या नोंदी समोर ठेवा. आमच्या एका गावात डॉक्टरांनी रजिस्टर चाळलं आणि एका पानावर बोट ठेवलं. एकाच वाडीतल्या नऊ मुलांची वजनं जुलै-ऑगस्टमध्ये घसरली होती. "ही सगळी एकाच विहिरीचं पाणी पितात का?" त्यांनी विचारलं. पितच होती. तोवर आम्ही प्रत्येक आईला वेगवेगळं समजावत बसलो होतो. त्या वर्षीच्या आराखड्यात विहिरीत टाकायचं टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) आणि पावसाआधी ओआरएस व झिंकचा साठा आला. जुलाब थांबले तरी झिंक १४ दिवस पूर्ण द्यायचं, हे त्या वाडीतल्या आजींनीच सुनांना सांगायला सुरुवात केली.

डॉक्टरांना सभेला यायला वेळ नसेल तर तुम्ही त्यांच्याकडे जा, तीनच प्रश्न घेऊन. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलांची आरोग्य तपासणी करणारं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी पालक हजर राहतील असं बघा. दोन वर्षांचं मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळत नाही, हे आईच सांगू शकते. पथकाला ते पाच मिनिटांत दिसेलच असं नाही.

तालुक्याच्या खासगी बालरोगतज्ज्ञांनाही एकदा भेटा. बरीच घरं आधी तिकडेच जातात. तिथे टॉनिक आणि इथे खिचडी, असं दोन तोंडांनी ऐकलं की आई गोंधळते.

कमी वजनाच्या मुलांची नावं सभेत वाचणं

हे कधीही करू नका. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे मूल तीव्र कुपोषित, असं चारचौघांत ऐकलेली आई मी पाहिली आहे. पदर तोंडाशी धरून ती उठून गेली आणि मग चार महिने त्या मुलाचं वजनच होऊ शकलं नाही. सभेत फक्त आकडा सांगा. नाव घ्यायचं ते त्या घराच्या उंबऱ्यावर.

'पालकांचा नकार' लिहून विषय संपवणं

तीव्र कुपोषित मुलांवर उपचार करणाऱ्या पोषण पुनर्वसन केंद्रात मूल साधारण १४ दिवस ठेवतात. डॉक्टर दाखल करायला सांगतात, आई नाही म्हणते, रजिस्टरमध्ये 'पालकांचा नकार' असा शेरा पडतो. एका आईला मी नुसतं विचारलं, "घरी काय अडतंय?" तिनं बोटांवर मोजून सांगितलं: मोठी पोरगी, दोन शेळ्या आणि बुडणारी मजुरी. बुडीत मजुरीपोटी केंद्रातून पैसे मिळतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आशाताईंनी पोरीला तिच्या मावशीकडे सोडलं. शेळ्या शेजारणीनं बांधून घेतल्या. सोमवारी सकाळच्या एसटीनं ती लेकराला घेऊन तालुक्याला गेली. त्या वर्षी आराखड्यात आम्ही एक ओळ घातली: दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी मागे कोण राहणार, ते आधी ठरवणे.